केसरच्या नावाची मूठ

सुगंधाबाईच्या जात्याचं पीठ गावात ओळखू यायचं. चिमटीत धरलं तर रवा लागत नसे. जातं जड होतं, एकटीला ओढत नसे, समोर कुणीतरी बसावं लागे. आणि समोर बसणारीनं गप्पा मारल्या किंवा घाईनं जात्याच्या तोंडात दाण्यांची वैरण जास्त घातली, की सुगंधाबाई खुंटा सोडून हात मांडीवर ठेवून बसायची.

"दळस का भरडस वं? बैलले दाना टाकना शे का?"

पोरीबाळी तिच्यासमोर बसायला घाबरत. पण सणासुदीचं दळण म्हटलं की भडगावच्या अलीकडच्या, गिरणेकाठच्या त्या गावात सगळी भाऊबंदकी, एका कुळातली सगळी घरं, तिच्याच दारी येई.

नवरा चुडामण पटकीनं गेला, त्यानंतर तिनं कापूस वेचला, शेंगा फोडल्या आणि एकुलत्या केसरला वाढवलं. केसर धुळ्याला दिली. जावई कापडाच्या गिरणीत कामाला. त्या साली आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, केसर रिवाजाप्रमाणे माहेरी आली, झोका खेळली आणि मग तिला न्यायला कुणी आलंच नाही. पाऊस पडला, पेरण्या झाल्या. आषाढात निरोप आला की जावयानं दुसरी बाई घरात आणली आहे, केसरनं येऊ नये.

त्यानंतर श्रावण लागला आणि कानबाई आली.

खानदेशात कानबाई ही घरची आई. श्रावणातल्या रविवारी नारळाला नथ घालून, डोळे लावून, चौरंगावर बसवायचं. तिच्या रोटाचे, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्यांचे, गहू आदल्या दिवशी मोजायचे, भाऊबंदकीतल्या एकेकाच्या नावानं सव्वा सव्वा मूठ. ते घरच्या जात्यावर दळायचे आणि ते रोट घरच्यांनीच खायचे. बाहेरच्याला तुकडा द्यायचा नाही. उरलं तर नदीत.

कानबाई बसायची सुगंधाबाईच्या जेठाच्या, म्हणजे थोरल्या दिराच्या, मोतीलाल नानाच्या घरी. नानाला सगळे नेम पाठ होते. पाणी कुणी भरायचं, चूल कुठल्या तोंडाची, ओलेत्यानं कुणी वावरायचं, हे तो ओट्यावर बसून सांगे. पाणी दुसरे भरत. एका साली सुगंधाबाईनं उरलेला रोट दारात आलेल्या भिल्लाच्या बाईला दिला होता. तिच्या काखेत लेकरू होतं आणि नदीतल्या माशांपेक्षा त्या लेकराला त्याची गरज जास्त होती, एवढाच तिनं विचार केला. पुढच्या उन्हाळ्यात पटकी आली नि चुडामण गेला. तेराव्याला नाना चारचौघांत म्हणाला, "हिनी नेम मोडा, देवीनी त्याले नेलं." त्या साली गावात घरोघर माणसं गेली होती. तेवढ्या सगळ्यांनी रोट वाटले होते का, हा प्रश्न सुगंधाबाईच्या तोंडाशी यायचा. पण जेठासमोर भावजयीनं तोंड उघडायचं नाही, हाही नेमच.

म्हणून तिला जे सांगायचं ते ती जेठाणीला, लताबाईला सांगे. नाना हातभर अंतरावर बसून ऐके आणि उत्तर लताबाईलाच देई.

शनिवारी गहू मोजायला सगळे अंगणात जमले. नाना नाव घेई आणि मूठ टोपल्यात पडे. पाळण्यातल्या नातवाचीही पडली.

"अक्का," सुगंधाबाई पदर पुढे ओढून म्हणाली, "सांग त्यासले, केसरना नावनी मूठ राही गयी."

"लता, सांग तिले, केसर दियेल पोर शे. तिनी मूठ तिना सासरे."

"सासरवाळासनी दार लाई लिधं. आते तिनी मूठ कोठे पडी, इचार."

"मंग कानबाई काय करी? दियेल ती दियेल."

"पाळनामाना पोरले दात नहीत, त्यानी मूठ पडनी. मन्ही पोरले बत्तीस शेत."

बाया पदरात हसल्या. नाना लाल झाला. लताबाई वैतागली. "मन्हा कान शेत का गावनी वेस? तुम्ही तुम्हीच बोला ना!"

सुगंधाबाई थांबली नाही. "हिवाळामा मतनी पेटी उनी, तवय सरकारले पोरनं मत चालनं. आनि मायना रोटमा तिनी मूठ चालत नही?"

"सरकार आनि देव एक नही," नाना म्हणाला आणि उठून गेला. त्यानं टोपलं तिच्याकडे सरकवलं. दळण तिनंच करायचं होतं.

घरी येऊन तिनं जातं धुतलं, पुसलं, पुन्हा धुतलं. समोर बसायला नानाची सून सुनंदा आली. घटकाभर तिनं खुंट्याला हात लावला, माहेरच्या गोष्टी सांगितल्या, तळहात बघितले आणि पोर रडतंय म्हणून गेली. पोर रडत नव्हतं. टोपलं तसंच भरलेलं.

केसर उंबऱ्याजवळ बसून हे पाहत होती. सुगंधाबाईनं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा गव्हाकडे. तिलाही धाकधूक होतीच. कानबाई तिची होती, नानाएवढीच किंवा नानापेक्षा कांकणभर जास्त.

"जा, न्हाईसन ये," ती म्हणाली. "डोकावरथून."

केसर ओलेत्यानं आली. मायनं कणगीतून आपले गहू काढले, नाना घेत असे तसंच खड्या आवाजात "केसरना नावनी" असं म्हटलं आणि सव्वा मूठ टोपल्यात टाकली. मग दोघी बसल्या. केसरचा हात एकसारखा फिरत होता. मायनं एकदाही खुंटा सोडला नाही. पीठ उतरलं ते मैद्यासारखं.

रविवारी नानाच्या घरी रोट झाले, पुरण झालं, गंगाफळाची भाजी झाली. सकाळपासून सगळे उपाशी. पोरं चुलीभोवती घोटाळत होती आणि मार खात होती. पाट मांडले. नाना नैवेद्याचं ताट घेऊन चौरंगाकडे निघाला, तेवढ्यात लताबाई कौतुकानं म्हणाली, "सुनंदा, यंदा पीठ काय सुरेख दयं वं तू!"

"मी कोठे, माय? केसरबाई बठी व्हती जातावर."

नानानं ताट खाली ठेवलं. "तिना हातनं पीठ?"

सुगंधाबाई दारातच उभी होती. खोटं बोलणं तिला कधी जमलं नव्हतं. "अक्का, सांग, तिनाच हातनं. आनि तिना नावनी मूठ बी शे त्यामा. मन्हा घरना गहू."

"बठ्ठं गिरनामा टाका," नाना म्हणाला. "बठ्ठं बाटलं. नवा गहू मोजा."

कुणी हललं नाही. एवढं पुरण, एवढं तूप, एवढ्या बायांची पहाटेपासूनची कंबर. सुगंधाबाईला रडू येण्याऐवजी संताप आला. नानाशी बोलायची सोय नव्हती. ती तरातरा चौरंगापुढे गेली आणि नारळाशी बोलू लागली, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"माय, तुले इचारस मी. मन्हा खांदा उतरना तुन्हं दयन दयीसन. कधी खडा निंघना? कधी जाडं निंघनं? मन्ही पोर न्हाईधोईसन तुन्हा जातावर बठनी. तिले नवरानी टाकं, आते तू बी टाकशी? तू माय शे का सासू शे, एकदाव सांगी दे. माले इटाळ व्हयना ये जगना!"

नानाचा मुलगा लीलाधर जळगावला कॉलेजात होता. सुट्टीला आला होता. तो भिंतीला टेकून हसला. शहरी बोलीत म्हणाला, "काकू, नारळाशी काय भांडतेस? देव नाही नि देवी नाही. फोड त्याला आणि चटणी कर, वाद मिटेल."

ती त्याच्यावर उलटली. "तू चूप रे! तुन्हा बापले नेम दिसस, तुले नारय दिसस. माय कोनलेच दिसत नही. आनि चटनी कोन वाटी? तू?"

लीलाधर भिंत सोडून सरळ उभा राहिला.

नव्यानं गहू मोजले गेले. पण दळणार कोण? सुनंदानं पोर छातीशी धरलं. लताबाईनं गुडघे दाखवले. बाकीच्या बाया अचानक भांडी घासू लागल्या. नानानं इकडेतिकडे पाहिलं आणि लीलाधरला म्हणाला, "जाय, गिरनीवरथून दयी आन."

"गिरनीनं?" लताबाई म्हणाली. "कानबाईले?"

"अडचनले चालस. पट्टा पुसी लेवाले सांग."

सुगंधाबाईनं कपाळाला हात लावला. "अक्का, इचार त्यासले, गिरनीना पट्टानं गोत्र कोनतं शे?"

या वेळी पुरुषही हसले. ते हसणं नानाला झोंबलं. "तुन्हं ते पीठ, तुन्हा ते रोट, उचल आनि चालती व्हय," तो म्हणाला. पहिल्यांदाच थेट तिला. "जो त्यामाना तुकडा खाई, तो मन्हा भाऊबंद नही."

तिनं रोटांचं टोपलं उचललं. नदीत टाकायला ते तिच्या हातून सुटलं नसतं.

घरी केसर वाट पाहत होती. गल्लीतून सगळं कानावर आलं होतं. मायनं रोट समोर ठेवला तशी ती मागे सरकली.

"मी नही खात, माय."

"कसाले?"

"बाप गया तसं आखो काही व्हयनं तर? मन्हामुळे?"

नानाचं बोलणं सुगंधाबाईला इतकी वर्षं खुपत होतं, पण ते पोरीच्या पोटात एवढं खोल गेलेलं तिला माहीत नव्हतं. तिला सगळ्याचाच वीट आला. नानाचा, नेमांचा, धुळ्याच्या त्या माणसाचा आणि या घाबरट पोरीचाही.

"तुन्हा बाप पटकीघाई गया. गढूळ पानीघाई. मी आठेच व्हतू, माले इचार."

"पन देवी..."

"देवीले मी इचारस."

घरात कानबाई नव्हती. नानाचं घर ज्या बाजूला होतं, त्या भिंतीकडे तोंड करून तिनं ताट ठेवलं, पाणी फिरवलं, हात जोडले.

"माय, ह्या तुन्हाच रोट शेत. दयन मन्हं, पोर मन्ही. कोप करना व्हई तर मन्हावर कर, तिनावर नको. पन माले वाटस तू एवढी हलकी नहीस."

तिनं रोट मोडला, पहिला घास स्वतः खाल्ला आणि बसून राहिली. बाहेर कुणाचं तरी कुत्रं भुंकलं. केसरनं बराच वेळ मायच्या तोंडाकडे पाहिलं, मग तुकडा उचलला. एकदा खायला लागल्यावर ती भराभर खाऊ लागली. पोर सकाळपासून उपाशी होती.

मागच्या दाराची कडी वाजली. लताबाई. मागे पोरांची रांग, सर्वात शेवटी नातवाला कडेवर घेऊन सुनंदा.

"म्हतारा ओटावर बठेल शे गिरनीनी वाट देखत," लताबाई कुजबुजली. "गिरनीनं इंजन बंद शे म्हने. पोरं भुक्या मरी ऱ्हायनात. दे वं काही."

"नाना काय सांगी गया, आयकं ना तू?"

"पन्नास वरीस आयकी ऱ्हायनू. आज पोटनं आयकस."

तिनं उभ्यानंच टोपल्यात हात घातला आणि अख्खा रोट तोंडाकडे नेला.

सुगंधाबाईनं तिचं मनगट धरलं. "अक्का! कानबाईना रोट शे तो. पाय धू, पाटवर बस, हात जोड, मंग खाय. आनि ये पोरंसले बी ओयमा बसाड. केसर, वाढ त्यासले."

केसर पदर खोचून उठली.