कुलपामागच्यांसाठी विनंती

रिबकाबाई भालेराव यांच्या आयुष्यातील ज्या चार दिवसांविषयी मी लिहीत आहे, त्यांचा लेखी पुरावा एकच: वहीतून फाडलेल्या कागदावरची एक चिठ्ठी. बाकी सारे तोंडी आहे. काही रिबकाबाईंनी सांगितले, काही शेजारच्या साळूबाईंनी दुरुस्त केले आणि काही चर्चचा सेक्रेटरी मनोज याने साफ नाकारले. शेजारच्या कुटुंबाची नावे मी बदलली आहेत; खोलीचा क्रमांकही खरा नाही.

रिबकाबाई बहात्तर वर्षांच्या. नाशिकरोडचा सरकारी छापखाना, ज्याला इथे सगळे नुसते ‘प्रेस’ म्हणतात, तिथे त्यांनी एकतीस वर्षे छापून आलेले कागद तपासले. एखादा आकडा पुसट उमटला, रेघ तुटली, की तो कागद बाजूला काढायचा. निवृत्तीनंतर हाताला ते काम उरले नाही. नजर मात्र तशीच राहिली. पती वारले, मुलगी पुण्याला. जेलरोडमागच्या कौलारू चाळीत त्या एकट्या राहतात आणि रोज दुपारी तीन वाजता मागच्या पायरीवर बसून प्रार्थना करतात.

त्या पायरीवर मीही काही दुपारी बसले आहे. हिवाळ्यातले ऊन तिथे इतके पातळ असते की त्यात वेळ विरघळतो. पेरूच्या झाडाची सावली भिंतीवरून सरकत जाते, दूर स्टेशनात गाडी थांबल्याचा आवाज येतो, आणि रिबकाबाई मिटल्या डोळ्यांनी पुटपुटत असतात. त्यांचे शब्द नीट ऐकले तर गुंगी उतरते. त्या देवाला पत्ते सांगत असतात. ‘प्रभू, धोंडाबाई, मोरीच्या शेजारची खोली, डावा गुडघा.’ देवाला हे ठाऊक नसते का, असे मी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “ठाऊक असतंच. पण अर्ज पूर्ण भरलेला बरा.”

सात नंबरच्या खोलीत दीड वर्षापासून मोफिजुल आणि रेहेना राहत होती. मोफिजुल फरशी बसवण्याच्या कामावर जाई. मुलगी चालायला लागली होती. घरात बंगाली बोलत. रिबकाबाईंनी त्यांना पहिल्या नाताळात करंज्या नेऊन दिल्या, आणि रेहेनाने ताट रिकामे परत करायचे नाही म्हणून त्यात नारळाच्या वड्या घालून पाठवल्या. ते नेमके कुठले, सीमेच्या अलीकडचे की पलीकडचे, हे रिबकाबाईंनी कधी विचारले नाही.

गेल्या वर्षीच्या जानेवारीत शहरात बंगाली बोलणाऱ्या कामगारांचे कागद तपासले जाऊ लागले. मोफिजुलच्या ओळखीचे दोघे चौकशीला गेले आणि आठवडाभर परतले नाहीत. तेव्हापासून तो सकाळी निघताना बायको-मुलीला आत ठेवी, दाराला बाहेरून कुलूप लावी आणि किल्ली रिबकाबाईंच्या हातात देई. चाळीला वाटे, माय-लेकी गावी गेल्या. दुपारी रिबकाबाई मागच्या खिडकीच्या गजांतून भाकरी सरकवत. आतून कधी खोकला येई, कधी हसू येई आणि मध्येच थांबे; कोणीतरी लहान तोंडावर हात ठेवलेला असे.

त्या दिवसांत रिबकाबाईंना एक स्वप्न पडले. त्याच्या दोन आवृत्त्या माझ्याकडे आहेत. पहिलीत वालदेवी नदीच्या पात्रातून माणसांची रांग चालली आहे आणि प्रत्येकाच्या डोक्यावर गाठोड्याऐवजी स्वतःच्या घराचे दार आहे. पाणी घोट्याएवढे, धुके मात्र गळ्यापर्यंत. पलीकडच्या काठावर जाऊन ती माणसे दारे उभी करतात. भिंती नाहीत, नुसती दारे, आणि त्यांमागे जाऊन बसतात. दुसऱ्या आवृत्तीत रिबकाबाई स्वतः रांगेत आहेत, आणि त्यांच्या डोक्यावर काहीच नाही, म्हणून त्यांना लाज वाटते. आधीची कोणती, हे त्यांना आता सांगता येत नाही.

स्वप्न पडले त्या रविवारी त्या चर्चला गेल्या. तिथे एक रीत आहे. ज्याला इतरांनी प्रार्थना करावी असे वाटते, त्याने चिठ्ठी लिहून पेटीत टाकायची. उपासनेत सेक्रेटरी ती मोठ्याने वाचतो, सगळे प्रार्थना करतात, आणि नंतर त्या चिठ्ठ्या मोबाइलवरच्या प्रार्थना-ग्रुपवरही टाकल्या जातात. रिबकाबाईंनी लिहिले:

‘मोफिजुल, रेहेना व लहान मुलगी. खोली नं. ७. बंगाली. पोलिसांच्या भीतीत आहेत. दाराला बाहेरून कुलूप असते, आत माय-लेक असतात. किल्ली माझ्याकडे. प्रभूने त्यांच्यावर पंख पसरावेत.’

अर्ज पूर्ण भरलेला होता.

मनोजने तो वाचला. शंभर-सव्वाशे माणसे डोळे मिटून उभी राहिली, आणि रिबकाबाई सांगतात की त्या क्षणी सात नंबरच्या खोलीवर खरेच काहीतरी पसरल्यासारखे त्यांना वाटले. दुपारपर्यंत चिठ्ठीचा फोटो ग्रुपवर होता. संध्याकाळी तो आणखी कुठल्यातरी ग्रुपवर गेला, आणि त्याच्यावर कोणीतरी लिहिले होते: आपल्या भागात हे काय चालू आहे?

सोमवारी साळूबाईंनी तो फोटो रिबकाबाईंना दाखवला. त्या तडक मनोजच्या घरी गेल्या.

“मनोज, ती चिठ्ठी देवाला होती. ग्रुपला नव्हती.”

“मावशी, सगळ्याच जातात. मागच्या आठवड्यात माझ्या सासूबाईंची मूळव्याधसुद्धा गेली.”

“सासूबाईंना धरायला कोणी येणार आहे का?”

मनोजने फोटो काढून टाकला. हे संभाषण असे झालेच नाही, असे तो म्हणतो. फोटो काढला हे मान्य करतो.

मंगळवारी सकाळी दोन पोलीस चाळीत आले आणि सात नंबरपुढे उभे राहिले.

“आत कोणी आहे का?” त्यांनी रिबकाबाईंना विचारले.

खोटे बोलणे त्यांना जमत नाही. “आहेत,” त्या म्हणाल्या आणि किल्ली आणली.

“कुठले आहेत हे लोक?”

“विचारलं नाही.”

“दीड वर्ष शेजारी राहता आणि विचारलं नाही?”

“विचारलं असतं तर आता तुम्हाला सांगावं लागलं असतं.”

रेहेनाला त्यांनी घरीच राहू दिले; मोफिजुलला मात्र कामावरून चौकीवर बोलावले आणि त्या दिवशी सोडले नाही. इथे एक नोंद आवश्यक आहे. साळूबाई सांगतात की त्या आठवड्यात त्याच्या बांधकामावरच्या सगळ्याच परप्रांतीय कामगारांना बोलावले होते, चिठ्ठी असो वा नसो. चिठ्ठीमुळेच पोलीस आले, याला माझ्याकडे पुरावा नाही. रिबकाबाईंना तो लागला नाही.

बुधवारी सकाळी त्या रेहेनाबरोबर चौकीबाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या. मांडीवर मूल झोपलेले. रेहेनाने सामान बांधून ठेवले होते. नवरा बाहेर आला की त्याच पावली नाशिक सोडायचे, हे ठरले होते. दहाच्या सुमारास चर्चच्या महिला मंडळाच्या चौघी आल्या, मागोमाग चहाचा थर्मास घेऊन मनोज आला आणि कोणाच्या नजरेला नजर न देता टोकाला बसला. सगळ्यांनी डोळे मिटले. हवालदार बाहेर आला.

“भजन-बिजन चालणार नाही हं इथं.”

“आम्ही गप्पच आहोत, दादा,” रिबकाबाई म्हणाल्या.

“तेच तर. गप्प बसलाय त्यानं आत साहेबांना कसंतरी होतंय.”

“मग लवकर सोडा की त्याला.”

“कोण लागतो तुमचा?”

“शेजारी.”

“नात्यानं विचारतोय.”

“मी पण नात्यानंच सांगतेय.”

दुपार झाली. बाकावर कडुनिंबाची पाने एकेक करून पडत होती आणि रिबकाबाईंच्या सांगण्याप्रमाणे पहिल्यांदाच त्यांना प्रार्थनेचे शब्द सुचत नव्हते. नाव उच्चारायला गेले की जीभ अडे. त्यांनी डोळे उघडले आणि रेहेनाला सांगून टाकले.

“मैंने एक चिठ्ठी लिखा. तुम्हारा नाम, खोली का नंबर, सब. कुलूप का बी लिखा.”

रेहेना त्यांच्याकडे वळली.

“किसको लिखा?”

“देव को.”

“खोली नंबर के साथ?”

“हमारे में ऐसाच… मेरे में ऐसाच है. बाद में फोन पे गया.”

“मैं दो दिन से सबका मुँह देखती हूँ,” रेहेना म्हणाली. “सोचा, साळूदीदी ने बोला. फिर सोचा, मालिक ने. फिर इनका कोई साथी. जिसके साथ पानी भरती थी, उसी को देखती हूँ, यही है क्या? और वो दुआ थी?”

तिचे खांदे हलू लागले. रिबकाबाईंना वाटले, ही रडते आहे. ती हसत होती. तोंडावर पदर दाबून, मूल जागे होईल इतकी. मग ती रडलीही, पण आधी हसली, यावर मनोजसुद्धा ठाम आहे.

पाचच्या सुमारास मोफिजुल बाहेर आला. गावाहून आणखी कागद मागवायचे होते, पंधरा दिवसांनी पुन्हा यायचे होते. संपले काहीच नव्हते. चाळीत शिरताच त्याने दारातले गाठोडे उचलले.

“रखो,” रेहेना म्हणाली. “नहीं जाना.”

“पागल हो क्या? यहाँ किसी ने पकड़वाया है.”

“किसी ने नहीं पकड़वाया. मौसी ने दुआ माँगी थी.”

तिने त्याच्या हातातले गाठोडे खाली ओढले. भात टाकायचा तर पातेले काढायला हवे होते, आणि ते सगळ्यात तळाशी होते. गाठ घट्ट बसली होती. रिबकाबाई खाली बसल्या आणि दोघी मिळून ती सोडवू लागल्या.

मोफिजुल त्यांच्याकडे पाहत उभा राहिला. तो हसला नाही. खरे-खोटे त्याला त्या घटकेला ठरवता आले असेल, असे मला वाटत नाही.

“मौसी,” तो शेवटी म्हणाला, “दुआ ज़रा धीरे माँगा करो.”

आणि नळाला पाणी आले होते म्हणून बादली घेऊन बाहेर, सगळ्यांच्या रांगेत जाऊन उभा राहिला.