फणसाखालची मोंडो ग्रास

लॉन तिसऱ्यांदा पिवळी पडली, तेव्हा आप्पांनी मला बोलावून घेतलं. आप्पा बेळगावच्या कॅम्प भागातले निवृत्त वकील. मी गावात लोकांच्या बागा करून देते.

"फणस तोडायचा म्हणतोय," ते म्हणाले. "त्याच्याखाली लॉन येत न्हाय, पावसात नुसता राडा. परवा ही घसरली, मनगट मोडलं."

काकू प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन फणसाखालीच खुर्ची टाकून बसल्या होत्या. ती त्यांची रोजची जागा.

लॉनला ऊन लागतं. दाट झाडाखाली ती तगत नाही. तिथं ग्राउंड कव्हर हवं, म्हणजे जमीन झाकत पसरणारी बुटकी झाडं. मी मोंडो ग्रास सुचवली. दिसायला गवतासारखी, गर्द हिरवी, सावली मानवणारी, एकदा लावली की वर्षानुवर्षं राहणारी. फक्त रोजचं चालणं तिला सोसत नाही. म्हणून काकूंच्या खुर्चीपर्यंत खडबडीत फरश्यांची वाट आखली.

"सावकाश पसरते, आप्पा. पहिलं वर्ष टक्कल दिसंल."

"दिसू दे की."

फणसाची मुळं न दुखवता, मधल्या मातीत शेणखत घालून रोपं लावली. उन्हाळा सरत आला. टक्कल तसंच. वळवाचा एक पाऊस झाला आणि आप्पांचा फोन आला. "तुमचं गवत काय वाढंना. झाड तोडणारे आलेत."

मी पोचले तेव्हा दोन माणसं दोर घेऊन उभी होती. काकू खुर्चीतून हलल्या नव्हत्या.

"आत चल गं, फांदी पडंल," आप्पा म्हणाले.

"मी चिखलानं पडले. झाडानं काय केलंय? आता चिखल हाय का बघा. आणि मला इचारलं कोणी?"

आप्पा वाकले. पावसानं माती वाहिली नव्हती. मी एक रोप उपटून त्यांच्या हातात दिलं. खाली मुळांचा झुबका, बुडाशी नवे कोंब.

त्यांनी कोंब बोटानं चाचपले. मग माणसांना म्हणाले, "वाळक्या फांद्या तेवढ्या काढा."

पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात जमीन झाकली गेली. बुंध्याजवळचा एक तुकडा उघडाच राहिला, तिथं मी पालापाचोळा पसरून दिला.

आता नवीन साइटवर गेले की माती नंतर बघते. आधी विचारते, इथं बसणार कोण? आणि पहिल्या वर्षाचं टक्कल त्यांनाच समजावून सांगते.