कमरेवरचा हात

ह्यांच्या रिव्हॉल्वरला मी सवत म्हणत असे. लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी ती घरात आली आणि आल्या दिवसापासून ह्यांच्या कमरेला चिकटली. मी चिडवलं की हे म्हणायचे, "अगं, तुझ्यासाठीच आणली आहे ती." आणि ते खोटं नव्हतं.

हे बँकेत होते. गंगेपलीकडच्या एका गावातल्या शाखेच्या तिजोरीच्या चाव्या ह्यांच्याकडे असत. एका दुपारी बनारसमध्ये, दूधविनायक मोहल्ल्यातल्या आमच्या घरी मी एकटी असताना दोन माणसं आली. एकाने दारात पाय घातला आणि अगदी अदबीने विचारलं, "भाभीजी, साहब चाभी घर पर रखते हैं?" मी किंचाळले. समोरचा पानवाला दुकानातून धावत आला, तशी दोघं पळाली. मला ओरखडासुद्धा आला नाही. पण घरी आल्यावर ह्यांनी ते ऐकलं आणि ताटावरून उठले. मग परवान्यासाठी कचेरीत खेटे सुरू झाले. परवाना हातात पडेपर्यंत ह्यांची त्या शाखेतून बदलीही होऊन गेली, तरी घ्यायची ती घेतलीच.

दुकानात मलाही नेलं होतं. दुकानदाराने दोन-तीन प्रकार पुढे मांडले. त्यातलं पिस्तूल दिसायला देखणं होतं, पण ह्यांनी रिव्हॉल्वर उचललं. म्हणाले, "याची चक्री बाहेर काढली की आत गोळ्या आहेत की नाहीत ते डोळ्यांना दिसतं. इथे आठवणीवर भरवसा ठेवून चालायचं नाही." मी तेव्हा ते नीटसं ऐकलंही नाही. घरी जाऊन कुकर लावायचा होता.

आमच्याकडे लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणारे बहाद्दर काही कमी नाहीत. हे वरातीला जाताना तिला कपाटात बंद करून किल्ली माझ्याकडे देत. देवळात जाताना तेच. गल्लीत कुणाचा धक्का लागला तर चूक नसताना हेच आधी माफी मागत. "कमरेला ही असताना मला रागावता येत नाही," असं म्हणत. त्यावर कडी म्हणजे भांग सोडली. बनारसच्या माणसाने भांग सोडणं म्हणजे काय, ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. शिवरात्रीला सगळी गल्ली ठंडाईत डुलत असायची आणि हे ताकाचा पेला घेऊन बसायचे. पानवाला हाक मारायचा, "का गुरु, असलहा लगा के तरकारी लेवे जात हउवा?" हत्यार लावून भाजी आणायला निघालात का, असं ते चिडवणं; हे हसून पुढे जात. मला मात्र तिचा संताप यायचा. चांगल्या हसत्याखेळत्या माणसाला तिने सोवळ्यात बसवलं होतं.

खंडेनवमीला आमच्याकडे शस्त्रांची पूजा होते. पाटावर विळी, अडकित्ता, कात्री आणि शेवटी ती. ठेवण्याआधी हे चक्री उघडून गोळ्या वाटीत काढत आणि माझ्यासमोर धरत. "बघ." मी वाकून बघायची आणि म्हणायची, "बघितलं, रिकामी." मगच अक्षता पडत. दरवर्षीचं ठरलेलं होतं, आरतीइतकं पाठ.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी ह्यांचं विसरणं सुरू झालं. आधी आम्ही हसण्यावारी नेलं. मग एकदा दुर्गाघाटावरून घरी येताना, जन्म गेला त्या गल्ल्यांत हे वाट चुकले आणि एका ओळखीच्या मुलाने हात धरून आणून सोडलं. विसरणं आता वाढतच जाणार असं डॉक्टरांनी सांगितलं, ह्यांनी चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. मी मात्र कपाटाकडे बघून झुरत होते. तिला मागायची कशी? ज्या माणसाने इतकं जपून वागवलं, त्याला तुमचा भरवसा उरला नाही असं कुठल्या तोंडाने सांगायचं?

त्या वर्षीच्या खंडेनवमीला ह्यांनी तिला पाटावर ठेवलं आणि म्हणाले, "टाक अक्षता."

गोळ्यांची वाटी मोकळीच होती. मी म्हटलं, "अहो, मला दाखवलं नाहीत." ह्यांनी उचलून चक्री उघडली. सगळ्या गोळ्या जागच्या जागी होत्या.

ह्यांनी एकेक गोळी काढून वाटीत टाकली. मग विचारलं, "मी मघाशी काढल्या होत्या ना?" मला खोटं बोलावंसं वाटत होतं. पण म्हटलं, "नाही हो." "मग आता ही घरात नको," हे म्हणाले. मला मागायला लागलं नाही. इतकं मोठं मन त्या माणसाचं, आणि तेच मन रोज थोडंथोडं चाललं होतं.

दसरा झाल्यावर आम्ही दोघं तिला परत द्यायला त्याच दुकानात गेलो. ह्यांनी स्वतः चक्री उघडून दाखवली आणि माझ्याकडे बघितलं. "बघितलं, रिकामी," मी म्हटलं. दुकानदाराने विचारलं, "बाबूजी, कभी चलानी पड़ी?" "नहीं, भगवान की कृपा," हे म्हणाले. परतताना रिक्षात ह्यांचा हात सारखा कमरेकडे जात होता.

पुढच्या शिवरात्रीला मी हौसेने ठंडाई केली, अगदी नावापुरती भांग घालून. म्हटलं, आता घ्या मनसोक्त. ह्यांनी पेला सरकवला आणि सदऱ्यावरून कंबर थोपटली. "आहे ना ही." मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. सवत गेल्यावर रडणारी बाई माझ्यासारखी मीच.

यंदाच्या उन्हाळ्यात एका दुपारी मी गल्लीच्या तोंडाशी जाऊन परवरची भाजी घेऊन आले. दार लोटलं तर हे समोर उभे, ताठ, उजवा हात कमरेवर.

"कौन हैं आप?"

आमच्याकडे उंबरठ्याबाहेर हिंदी आणि आत मराठी. एवढ्या संसारात हे माझ्याशी कधी हिंदीत बोलले नव्हते.

"आगे मत बढ़िए। अंदर मेरी पत्नी अकेली है।"

बोटं सदऱ्याखाली चाचपडत होती. डोळ्यांत भीती नव्हती, निर्धार होता. ती तिथे असती तर ह्यांनी तिला बाहेर काढलं असतं, आणि माझ्यासाठीच काढलं असतं. मी पायरीवर बसले आणि कसंबसं म्हटलं, "अहो, मीच आहे. उन्हातून आले हो."

मराठी ऐकल्यावर ह्यांचा चेहरा निवळला. हात खाली आला. दशाश्वमेध घाटाकडून चुकूनमाकून एखादी मराठी यात्रेकरू बाई आमच्या दारात यायची, तशीच मी ह्यांना वाटले असणार. हे घराकडे वळले आणि आत हाक मारली, "अगं, ऐकलंस का? आपल्याकडच्या कोणी बाई आल्या आहेत. उन्हातून आल्यात, पाणी आण त्यांना."

आतून उत्तर येईना, म्हणून हे पुन्हा हाक मारायला लागले.

मी पायरीवरूनच म्हटलं, "आणते हो."