कुठे उसवू?

शिवणखात्यातल्या तीसजणी त्यांना नुसतं बाई म्हणत. साठीला टेकलेल्या, जिभेला धार, पण कोणाची शिवण चुकली तर ती जीभ कधी चालली नाही. त्याला कारण होतं. नव्या असताना त्यांनी एका कोटाची बाही उलटी जोडली, आणि तेव्हाच्या खातेप्रमुखाने तो कोट त्यांना दिवसभर सगळ्यांसमोर घालायला लावला. पुढची चूक बाईंनी डब्याच्या पिशवीत दडवून घरी नेली.

खातं हाती आलं तरी त्यांनी मशीन सोडलं नाही. पहिल्याच दिवशी मात्र लाल चिंध्या फाडून वाटल्या. चूक झाली की चिंधी मशीनला बांधायची. शेजारच्या दोघी हातातलं काम टाकून यायच्या आणि एवढंच विचारायच्या, "कुठे उसवू?" कोणी केलं, कसं झालं, ही चौकशी उसवून झाल्यावर. परत येणारा माल जवळजवळ थांबला. वरच्या ऑफिसातली माणसं वह्या घेऊन आली आणि चिंधीचा रंग, लांबी लिहून घेऊन गेली. दुसऱ्या खात्यांतही चिंध्या आल्या. पण तिथे बांधणारीची खरडपट्टी निघे, म्हणून वर्ष झालं तरी चिंध्या कोऱ्या करकरीत!

नवरा गेलेला, लेक लांब. सकाळी आठला मशीन सुरू झालं की बाईंना माणसांत आल्यासारखं वाटे. मग नजरेच्या मधोमध धुकं धरू लागलं. डॉक्टर म्हणाले, हे आता वाढतच जाणार. बाई कोणाजवळ बोलल्या नाहीत, अंदाजाने शिवत राहिल्या. सहा महिने त्यांची एकही चूक निघाली नाही. हातालाच डोळे आहेत माझ्या, असं त्या मनाशी म्हणाल्या.

एका दुपारी त्यांनी आपल्या तयार कोटांवरून सहज बोट फिरवलं. टिपेच्या शेवटी तीन उलटे टाके, ही त्यांची जन्माची सवय. बोटाला दोनच लागले. दुसऱ्या कोटालाही दोन, तिसऱ्यालाही. दोन टाके घालणारी खात्यात एकच होती, शेजारची बडबडी, जिचं तोंड जेवतानाही बंद नसे.

"माझे कोट तू शिवतेस?"

बडबडीने मान खाली घालून सुईत दोरा ओवायला घेतला.

"अगं, बोल की!"

"उसवायला सगळ्या असतात, बाई. संध्याकाळी, तुम्ही गेल्यावर. शिवते मी."

"आणि मला सांगितलं नाहीत? मी काय ओरडले असते?"

"ओरडला असता तर बरं होतं. पण तुम्ही कायमच्या घरी निघून गेला असता."

बाईंना रडू आलं आणि रागही आला, पण तो स्वतःवरच होता. डोळ्यांचं आधी दडवलं होतं त्यांनीच. इतकी वर्षं या मुलींना लपवायची वेळ येऊ दिली नाही, आणि शेवटी लपवायला शिकवलं ते आपणच.

त्यांनी खणातून लाल चिंधी काढली. गाठ दोनदा निसटली. बडबडीने हात पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला. चिंधी बांधून झाली तशी एकेक मशीन थांबलं आणि सगळ्या भोवती येऊन उभ्या राहिल्या. विचारेना मात्र कोणीच.

"विचारा की गं," बाई म्हणाल्या.

बडबडीने पदराने डोळे पुसले. "कुठे उसवू, बाई?"

"इथून," म्हणत बाई आपल्या खुर्चीवरून उठल्या.