नट किती आवळायचे

नवी गाडी येऊन आठवडाही झाला नव्हता. बहिणीला आणि तिच्या तान्ह्या बाळाला देवासहून धारला, तिच्या सासरी सोडायला निघालो, तर वाटेत पंक्चर. पंक्चरवाल्याने चाक परत चढवलं, पान्यावर पाय ठेवला आणि मला विचारलं, "बोलो भिया, नट कित्ता कसूँ?"

गाडीच्या पुस्तकातला न्यूटन-मीटरचा आकडा मी वाचून दाखवला.

"वो तो ठीक, पर हाथ से कि पाँव से?"

सोबत आलेले वडील मागून म्हणाले, "सांग ना, घरात बी.एस्सी. तूच एकटा."

न्यूटन-मीटर म्हणजे काय ते मी फळ्यावर मांडून दाखवलं असतं, आणि त्याचा मला अभिमान आहे. पण तो मोजणारा पाना ना माझ्याकडे होता, ना त्याच्याकडे. नट सैल राहिले तर चाक निघणार, जास्त आवळले तर बोल्ट तुटणार. शेवटी म्हटलं, "रोज जैसा कसते हो, वैसा कस दो."

पुढे मी गाडी अगदी हळू नेली. मधे थांबून थांबून उतरायचो, नटांना हात लावायचो. हाताला काय कळणार?

बाळाला छातीशी धरून बहीण दरवेळी विचारायची, "दादा, घट्ट आहेत ना?"

मी म्हणायचो, "आहेत."