चावीची निळी आगगाडी

धसईच्या आठवडी बाजारात ती बाई गोणपाटावर खेळणी मांडून बसायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. चावीची निळी आगगाडी विकण्याआधी ती चावी भरून गाडी कानाशी धरायची आणि डोळे मिटून ऐकत राहायची.

माझ्या लहानपणी होती तीच गाडी, तेच लाल धुरांडं. "इतकी वर्षं हीच का बनवतात?" मी एकदा विचारलं.

"मागणारे हायत म्हणून," ती म्हणाली. "पोरांना नव्या लागतात. पन ज्यांचं पोर गेलं, ती मानसं हीच मागतात. दुसरी चालत नाय."

आठवण म्हणून जपत असतील, असं मला वाटलं.

तेवढ्यात डोंगरातल्या पाड्यावरचा एक म्हातारा आला. तिने न विचारताच गाडी त्याच्या हातात दिली. "दर साली एक नेतात बाबा," ती मला म्हणाली.

"नातवाची आठवण का, बाबा?" मी विचारलं.

"हा. त्याला जाऊन बरीच सालं झाली."

"मग दरवर्षी नवी कशाला?"

त्याने पिशवीतून जुनी गाडी काढून दाखवली. तिची चाकं पार झिजून गेली होती.

"घरात आमी दोघंच म्हातारी," तो म्हणाला. "आमी तिला हात पन लावत नाय."