आत्याच्या पालकातलं शिसं

तलवाड्याजवळच्या आत्याच्या शेतातून मी पालकाचे दोन नमुने आणले होते. एक विहिरीलगतच्या वाफ्यातला, दुसरा बंद पडलेल्या शेडच्या बाजूचा. त्या शेडमध्ये पूर्वी जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं काढायचे. बी एकच, पेरणीही एकाच दिवशीची. जमिनीतला जड धातू पानात शिरला की झाड आतून काय करतं, हा माझ्या पीएचडीचा विषय. तरी इथं काही निघेल असं वाटलं नव्हतं. पानं इतकी हिरवीगार होती.

विद्यापीठात एनएमआर यंत्राच्या खोलीबाहेर घड्याळ, किल्ल्या, मोबाइल ठेवावा लागतो. आतलं चुंबक फार जबरदस्त. पानांच्या अर्काची बारीक काचनळी आत सोडली आणि पडद्यावर आलेख उमटला. त्यातली टोकं पानातले रेणू सांगतात. विहिरीकडचा आलेख नेहमीसारखा. दुसऱ्यात सायट्रिक आम्लाची टोकं चढलेली, विषारी धातूशी लढताना झाडात खर्च होणाऱ्या ग्लुटाथायोनची जवळजवळ पुसलेली. मी मुद्दाम शिसं घालून वाढवलेली रोपं अशीच दिसली होती. अर्क पुन्हा केला, पुन्हा लावला. तेच.

"यात झाडाचा त्रास दिसतो, धातू नाही," गाईड म्हणाले. "शिसं मोजून येईपर्यंत कुणाला सांगू नका."

मोजणीला आठ दिवस लागणार होते. मधे आठवडी बाजार होता. आणि आत्याच्या सुनेला सातवा महिना होता.

मी जिन्यात उभी राहून फोन लावला.

"आत्या, शेडकडचा पालक खाऊ नका. विकू पण नका."

"कावून? लई कवळा हाय."

"त्यात शिसं असेल असं वाटतंय."

"वाटतंय का हाय?"

"अजून नक्की नाही."

ती हळूच म्हणाली, "सूनबाई रोज खाती गं."

त्याच दुपारी तिनं वाफा उपटला. ते आठ दिवस मी रोज मोजणीचा निकाल विचारत होते. माझं चुकलं असतं, तर तिचं उभं पीक मी फुकट घालवलं होतं; खरं निघालं असतं, तर त्याहून वाईट.

खरं निघालं. गाईड रागावले, पण रक्ततपासणीची चिठ्ठी त्यांनीच मिळवून दिली. सुनेच्या रक्तात शिसं होतं, थोडं. मुलगी झाली, चांगली आहे. तपासण्या अजून चालू आहेत.

आत्यानं जिथं जिथं भाजी दिली होती, त्या प्रत्येक दारात जाऊन सांगितलं. दोन घरांनी तिच्याशी बोलणं टाकलं.

"न्हाई बोलत तर न्हाई," ती मला म्हणाली. "पण लेकरांचं रक्त तपासलं का, तेवढं तू विचार त्यांना."